आंबिलीची मोहीम आणि यीस्टचा बचाव

शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, वैशाख वद्य पक्षी, चंद्रपूर परगण्यावर सूर्याचा निर्वेध अंमल चालू असता, तेथील एका महाविद्यालयाच्या जीवशास्त्र दरबारी जे युद्ध जाहले त्याची हकीकत सांगणे प्राप्त आहे. कानी आले ते लिहिले. उणे असेल ते सुज्ञांनी पोटात घालावे.

घुग्घुसच्या रंजीताबाई, संशोधक विद्यार्थिनी, यांनी यीस्टच्या पेशी वाचवण्याचा पण केला होता. पेशी म्हणजे किल्ला, आणि मायटोकाँड्रिया हा त्याचा मुदपाकखाना. तेथे अन्न जळून ताकद निपजते, आणि जळता जळता उपद्रवी ऑक्सिजन ठिणग्यांसारखा उडून मुदपाकखान्याच्याच भिंती खातो. त्यास आवरणारे साधे अँटिऑक्सिडंट पूर्वी रवाना झाले, पण ते किल्लाभर हिंडत आणि कामाच्या जागी थोडकेच पोचत. मग नव्या औषधास धन भाराची शेपटी जोडली. मायटोकाँड्रियाच्या आत ऋण भार, म्हणून हे औषध आपसूक ओढले जाऊन नेमके तेथेच गोळा होते. त्याची शेवटची कुपी बाईसाहेबांपाशी उरली होती, एकाच प्रयोगापुरती. हाही फसल्यास प्रकल्प बंद, ऐसा विभागप्रमुख राजमान्य राजश्री गुणवंतराव सरांचा हुकूम होता.

आणि फसण्याची रीत पडली होती. ज्या काचेच्या ताटलीत विष घातल्यावर पेशी मराव्यात तेथेच भलत्या जंतूंच्या वसाहती उगवत, आणि मग मेले कोण व जगले कोण याचा निवाडा होईना. तेव्हा बाईसाहेबांनी ऐन दुपारी इनक्युबेटरवर छापा घातला. आत यीस्टसाठी तीस अंशांचा बंदोबस्त होता, आणि वरच्या फळीवर ज्वारीच्या आंबिलीचे गाडगे फसफसत होते, आणि त्याचा फेस खालच्या ताटल्यांवर ठिबकत होता.

प्रयोगशाळेचे परिचर सुकलूभाऊ यांस तत्काळ हजर केले.

"भाऊ, हे काय?"

"आंबील व्हय बाई. भायेर ठेवली त नासून जाते, फ्रिजमंदी आंबतच नाई. तुमच्या कपाटात कशी बेस जमते!"

"माझ्या प्रयोगाची वाट लागून राह्यली ना!"

"मले काऊन बोलता? सरायलेच रोज लागते आंबील. त्यायनंच सांगतलं, तिथीच ठेव म्हून."

बाहेर सेहेचाळीस अंश, आत तीस. आंबिलीस याहून उत्तम जागा साऱ्या इमारतीत नाही, हे बाईसाहेबांस शास्त्र शिकलेल्या असल्याने मनातल्या मनात कबूल करावे लागले, आणि राग त्यामुळे दुप्पट जाहला.

मग इनक्युबेटरमध्ये खाद्यपदार्थ ठेवू नयेत, ऐसे फर्मान दरवाजोदरवाजी, जिन्यात आणि सायकल स्टँडवरही डकवले. सर्वांनी वाचले, अक्षराची तारीफ केली, आणि गाडगे जागचे हलले नाही. ते पाहून बाईसाहेब जिन्यातच थबकल्या. आपण साध्या अँटिऑक्सिडंटचीच चाल खेळलो, किल्लाभर शिबंदी उधळली, आणि मुदपाकखान्यात एक शिपाई नाही! सबब ओढ जेथे आहे तेथेच औषध पोचले पाहिजे, आणि ओढ तर गुणवंतरावांच्या जिभेस.

तेव्हा बाजारातून कोरा माठ आणवला, त्यास ओले पोते गुंडाळले, आणि सरांच्या खुर्चीलगत कूलरच्या वाऱ्यात त्याची स्थापना केली. कोरड्या हवेने पाणी ओढले, माठ निवाला. थर्मामीटर घातला तो तीस अंश. आंबील त्यात ओतली.

"काऊन वं रंजीता, हे माह्या टेबलापाशी?"

"तिकडपर्यंत जायचा तरास कशाले सर तुमाले?"

सरांनी वाटी भरून घेतली, मिशी पुसली, आणि म्हणाले, "बेस हाय." लागलीच हुकूम सुटला की यापुढे आंबील या खोलीबाहेर जाणार नाही. इनक्युबेटरची किल्ली बाईसाहेबांच्या ओढणीस बांधली गेली.

मग फळ्या स्पिरिटने धुतल्या, कुपी फोडली, यीस्टवर उपद्रवी ऑक्सिजन वाढवणारे विष सोडले, आणि ताटल्या आत गेल्या. पुढे उघडल्या तो काय: विनाऔषधाची ताटली ओसाड, साध्या अँटिऑक्सिडंटची जवळपास ओसाड, आणि शेपटीवाल्या औषधाची वसाहतींनी गच्च. बाईसाहेबांचे डोळे भरून आले, पण ताटलीत थेंब पडेल म्हणून त्यांनी तोंड फिरवले.

गुणवंतरावांनी ताटली उजेडात धरली, आणि बराच विचार करून विचारले, "मंग हे मी घेतलं त माहे गुडघे सुधरतीन का?"

"नाई सर. यीस्ट वाचलं."

"एवढंच?"

"एवढंच. अन् हे एकदाच झालं. पुन्हा करून पाहावं लागन."

सरांनी गुडघा चोळला, सुस्कारा सोडला, आणि नवी कुपी मागवण्याच्या कागदावर सही केली. येणेप्रमाणे यीस्टच्या राज्यात फत्ते जाहली व प्रकल्प बहाल राहिला. मनुष्याच्या राज्यात काय होईल ते अद्याप कोणास ठाऊक नाही, म्हणून येथे लिहिले नाही.