बाउरानची तोंडओळख

फिंटन कॉन्सिडाइनला एकतीस वर्षांनी एक सोमवार सुट्टी हवी होती. आयर्लंडमधल्या क्लेअर परगण्यातल्या त्या गावात दर हिवाळ्यात नवशिक्यांना बाउरान, म्हणजे बकऱ्याच्या कातड्याचा चपटा ढोल, शिकवून त्याचं मनगट आणि मन दोन्ही दुखू लागलं होतं. पण वर्ग भरवणाऱ्या चर्चच्या फादर मुलकेरींना ‘नाही’ म्हणायची छाती नव्हती. यंदा फक्त सहा नावं आली होती. त्यातलं एक जरी गळलं, तरी वर्ग आपोआप बंद.

तो सभागृहात शिरला आणि दारातच थबकला. चौदा माणसं, सगळी सत्तरीपुढची, कोट मांडीवर घेऊन रांगेत बसलेली.

“या मास्तर,” म्हातारा पॅकी हेहिर म्हणाला. “तुम्हीपण का?”

“मीच,” फिंटन उसासा टाकून म्हणाला.

बाहेरच्या पावसानं कातडं सादळलं होतं. टिपरी मारली, तर ओल्या गादीवर धपाटा घातल्यासारखा आवाज आला. त्यानं ढोल हीटरला टेकवून ठेवला आणि बोलायला सुरुवात केली.

“उजव्या हातात टिपरी. डावा हात आतून कातड्यावर दाबायचा. दाब वाढला की सूर चढतो.”

“दाब माझा कायम चढलेलाच,” दुसऱ्या रांगेतल्या नोरा बाई म्हणाल्या. “दुखतं का हो फार?”

“पहिले काही दिवस मनगट दुखतं.”

“आणि रिकाम्या पोटी करायचं?” पॅकीनं विचारलं.

एकतीस वर्षांत फिंटननं याहून अजब प्रश्न ऐकले होते. “जेवून केलेलं बरं,” तो म्हणाला.

एवढ्यात हीटरपाशी फट्‌कन आवाज झाला. कातडं या टोकापासून त्या टोकापर्यंत उललं होतं. फिंटननं दोन क्षण डोळे मिटले. मग म्हणाला, “असू दे. मांड्यांवर वाजवा. एक-दोन-तीन, एक-दोन-तीन.”

चौदा जणांनी मांड्या बडवायला घेतल्या. नोरा बाईंनी तर टाचाही आपटल्या. दिवे थरथरू लागले, तशी आतल्या खोलीतून नर्स अट्रॅक्टा धावत आली.

“अहो, माझे पेशंट! रक्तदाब तपासायला बोलावलंय यांना! कधीची वाट बघतेय मी!”

“मग माझे शिकाऊ तुमच्याकडे आले की काय?” फिंटननं विचारलं.

“आले होते सहाजण, हातात काठ्या घेऊन. मला वाटलं, गुडघ्यांचं दुखणं. दोघांचा दाब इतका चढलेला, म्हटलं महिनाभर आवाज नको, दगदग नको, घरी जाऊन पडा. बाकीचे त्यांना पोचवायला गेले.”

सहातून दोन गेले! फिंटनच्या मनात सोमवार पहाटेसारखा उजळला. चहा, खुर्ची, शांतता. त्यानं फाटका ढोल काखेत मारला.

“मास्तर!” पॅकी घाम पुसत उभा राहिला. इतका लाल आणि इतका खूश तो स्वतःच्या लग्नातही दिसला नव्हता. “आम्हा चौदाजणांची नावं फादरकडे देऊ ना? पुढच्या सोमवारी ढोल आणतो!”

फिंटन नर्सच्या खोलीत गेला, खुर्चीत बसला आणि त्यानं बाही वर केली.

“बाई,” तो म्हणाला, “आधी माझा बघा. आणि जरा जास्तच लिहा.”