मामा कॅलेंडर उचलतात

आमचे शंकरमामा कुणाच्याही घरी गेले की पाणीसुद्धा नंतर मागतात, आधी भिंतीवरचं कॅलेंडर उचलून मागे बघतात. नव्या माणसाला वाटतं, म्हाताऱ्याला तिथी बघायची असेल. एकदा एका बाईंनी आपुलकीने सांगितलंही, "संकष्टी परवा आहे हं." मामा कॅलेंडरमागूनच म्हणाले, "असंल. मी वाळवी बगतोय."

मामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले, त्यालाही आता जमाना झाला. पलूसला एकटेच राहतात. मूलबाळ नाही, आणि मामी मी फ्रॉकमध्ये होते तेव्हाच गेली. ऊस वाटेकऱ्याकडे लावून दिलाय, गुडघे शाबूत आहेत आणि एसटी आहे, त्यामुळे मामा कधी कुणाच्या दारात उगवतील याचा भरवसा नाही. खिशात बॅटरी आणि डिसमिस, म्हणजे आपला स्क्रू ड्रायव्हर, कायम. बॅटरीच्या उजेडात वाळवीची मातीची नळी शोधायची आणि डिसमिसच्या मुठीनं लाकूड ठोकायचं. आवाज भरीव आला तर "ओके रिपोर्ट". पोकळ आला तर मान हलवून, "वरनं कीर्तन, आतनं तमाशा!"

माझ्या मावसभावासाठी खंडाळ्याला मुलगी बघायला गेलो होतो, तेव्हा वडीलधारे म्हणून मामांना पुढे घातलं. मुलगी पोह्यांचा ट्रे घेऊन आली, सगळ्यांच्या नजरा तिच्यावर, आणि मामा कुठेत? मामा कपाटाच्या मागे. नुसते पाय दिसत होते. मुलीच्या वडिलांना घाम फुटला. थोड्या वेळाने मामा अंगावरची जळमटं झटकत बाहेर आले आणि भर बैठकीत म्हणाले, "पोरगी लय गुणाची हाय. पन कपाटामागं वाळवी हाय. लगीन ठरवा आनि औषिद मारा. आधी औषिद." लग्न झालं. औषधही मारलं. ते व्याही अजून दर दिवाळीला मामांना फोन करून "घर ठीक आहे" असं कळवतात.

हे सगळं दुसऱ्याच्या घरी चाललेलं असतं तोवर गमतीचं असतं. साताऱ्यात आम्ही स्वतःचं घर शोधायला लागलो आणि गंमत आमच्यावरच आली.

माझे वडील लवकर वारले. माझं शिक्षण, लग्न, सगळ्याला मामा उभे राहिले. त्यामुळे मामांनी बघितल्याशिवाय घर घ्यायचं नाही, हे मीच ठरवलेलं. माझा नवरा अविनाश एमआयडीसीत कारखान्यात सुपरवायझर आहे, पण मामांपुढे तोही सावधान उभा राहतो. मामा पलूसहून यायचे, घर बघायचे, नापास करायचे, चहा प्यायचे आणि परत जायचे. एका एजंटानं तर मामांची कीर्ती ऐकून भलतीच शक्कल काढली. त्यानं कॅलेंडराऐवजी भिंतीवर गणपतीची भलीमोठी तसबीर लावली. देवाला कोण हात लावतंय! मामांनी टोपी काढली, हात जोडले, म्हणाले, "देवा, जरा बाजूला व्हा," आणि तसबीर अलगद उतरवली. मागे माझा अख्खा हात जाईल एवढं भगदाड. एजंट म्हणाला, "जुनी वाळवी आहे हो ती, मेलेली." मामा म्हणाले, "मेलीय तर झाकलीस कशाला रं गड्या?"

अशी घरं बाद होत गेली आणि अविनाशचा धीर सुटला. म्हणाला, "आता शेवटचं एक घर. तेही मामांनी नापास केलं, तर मी हायवेच्या कडेच्या त्या फ्लॅटला हो म्हणून मोकळा होणार."

नेमकं हे शेवटचं घर माझ्या मनात भरलेलं होतं. जैनबभाभींचं. त्यांचे यजमान शिवणकाम करायचे. ते गेले, आणि भाभी आता सांगलीला लेकीकडे चालल्या होत्या. तीन खोल्या, मागे छोटंसं अंगण, अंगणात शेवग्याचं झाड आणि धुणं धुवायचा दगड. फ्लॅटमध्ये हे कुठून आणायचं? आदल्या दिवशी मी देवाला म्हटलं, उद्या मामांची बॅटरी बंद पडू दे.

बॅटरी नवे सेल घालून आली. मामा आत शिरले, चष्मा सारखा केला आणि सवयीनं भिंतीकडे वळले. भिंत मोकळी. कॅलेंडर नाही, तसबीर नाही, साधा खिळा नाही. मामा क्षणभर गोंधळलेच.

"कॅलेंडर काढून ठिवलंय भाऊ," भाभी म्हणाल्या. "त्येच्याखालीच चौकट खाल्लीया म्हनून. ह्ये बगा." आणि त्यांनी मामांचा हात धरून थेट चौकटीच्या बुंध्याशी नेलं. "हितं खालनं पार पोकळ झालंतं. मिस्त्रीनं नवा तुकडा जोडलाय. आता हिकडं या. भिंतीतलं ह्ये कपाट, ह्याची फळी ठोका. ठोका की! कशी वाजतीय? ही बदलाया लागनार तुमाला."

मामांनी डिसमिस काढेपर्यंत भाभी पुढच्या खोलीत पोचल्या होत्या. "आनि ह्या तुळईला दोन नळ्या होत्या. औषिद मारून झालंय, तवापास्नं न्हाई आली. तरी तुमी फोडून बगा. आत वाळलेली माती निगंल."

"आवं भाभी," मामा काकुळतीला आले, "मला काय शोदू तर द्या!"

अविनाशनं तोंडावर रुमाल धरला. मला मात्र रडू यायचं बाकी होतं. बाई आपल्या तोंडानं आपलंच घर नापास करत होती. मी डोळ्यांनी खुणावत होते, पण त्या कसल्या बघतायत! त्यांनी स्वयंपाकघरातला एक डबाही बाजूला सरकवून मागचा डाग दाखवला. तो तेलाचा निघाला. तेवढाच काय तो मामांचा शोध.

मग भाभींनी चहा टाकला. मामा अंगणातल्या त्या दगडावर बसले. बॅटरी विझवून खिशात घातली आणि विचारलं, "समदं सोताहून का दावलंसा? गिऱ्हाईक पळून जातं की अशानं."

"जाईना का," भाभी म्हणाल्या. "त्येंला आज न्हाई तर उद्या दिसनारच. मग माज्या नावानं बोटं मोडत ऱ्हातील. त्यापरीस आत्ताच सांगितल्यालं बरं."

मामांच्या बशीत चहा निवत चालला.

"आमची मालकीन तुमच्या उलटी हुती," ते म्हणाले. "मी वरसातनं एकदा सुट्टीवर याचा. यायच्या आधी ती घर सारवून, चुना मारून ठिवायची. भिंतीवर नवीकोरी कॅलेंडरं. मी म्हनायचो, घर कसं झाक ठिवलंय! ती हासायची. शेवटच्या सुट्टीला मला सोडाया स्ट्यांडवर आली, हासत हासत. आनि म्हैन्यात तार. पोटात दुकत हुतं म्हनं दोन वरसं. कुनाला बोलली न्हाई. सुट्टीचं दिस गोड जावं म्हनून." त्यांनी बशी खाली ठेवली. "तेराव्याचं दिस झाल्यावर घर आवराया घेतलं. कॅलेंडर उचाललं, तर मागं चौकट निम्मी खाल्लेली. ती बी तिनं मला दावली न्हवती. मी तितंच बसलो. म्हनलं, आपुन एकदा तरी उचलून बगाया पायजे हुतं."

मला ठाऊकच नव्हतं हे. इतकी वर्षं घरादारानं मामांच्या कॅलेंडरावर हसून घेतलं होतं, आणि सगळ्यात जास्त मी.

भाभींनी पदरानं डोळे पुसले. मग म्हणाल्या, "आमचं मालक असं न्हवतं बगा. साधी शिंक आली तरी मोहल्ल्याला सांगून याचं."

मामा हसले. मोठ्यानं हसले. चहा एका घोटात संपवला, उठले आणि अविनाशकडे बघून म्हणाले, "जावईबापू, घर घ्या. कपाटाची फळी बदला, वरसातनं एकदा औषिद मारा. बाकी ओके रिपोर्ट."

अविनाशनं तिथल्या तिथे गल्लीच्या तोंडाशी जाऊन कंदी पेढे आणले. भाभींना दिले, मामांना दिले, मला दिला. भाभींनी दोन खाल्ले. मी खुशीत सगळीकडे फिरून बघत होते, पडदे कुठले लावायचे, देव कुठे मांडायचे. मामा माझ्याकडे बघत होते असं मला वाटलं, पण मी म्हटलं, कौतुकानं बघत असतील.

संध्याकाळी त्यांना स्टँडवर सोडायला मी एकटीच गेले. कराडची गाडी लागलेली होती. पुढे ते गाडी बदलून पलूसला जाणार. खिडकीची जागा मिळाली. मी खालून हात केला.

"पोरी," मामा खिडकीतून म्हणाले, "त्यो पेडा पर्समदी का टाकलास गं?"

"नंतर खाईन म्हटलं."

"लहानपनी तू कंदी पेडा बगितलास की थांबत न्हवतीस. खरं सांग."

मी "काही नाही हो मामा, एकदम झकास आहे" म्हणायला तोंड उघडलं. दर वेळी तेच म्हणते. पण खिडकीच्या गजांमागे त्यांचा तो चेहरा बघितला आणि मला ते म्हणता येईना.

"साखर निघालीय, मामा. बरीच आहे. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्यात, अजून सुरू केल्या नाहीत. घराचं व्हायचं होतं ना, म्हटलं अविनाशला आत्ताच कशाला..."

कंडक्टरनं बेल मारली. मामांनी वरच्या फळीवरची पिशवी ओढली आणि "थांब रं, थांब!" करत चालत्या गाडीच्या दारातून खाली उतरले. या वयात! मी ओरडलेच. कंडक्टर काहीतरी बोलला, गाडी निघून गेली.

मामांनी धोतराचा सोगा सावरला आणि माझं मनगट धरलं, मी शाळेत पहिल्यांदा गेले तेव्हा धरलं होतं तसं घट्ट.

"चल," ते म्हणाले. "आधी गोळ्या घिऊ. मग जावयाला सांगू. मी हाय संगट."