गजभिये काकांचा रुमाल

गजभिये काका कुठंही गेले की आधी रुमाल टाकतात, मग बसतात. न्हाव्याच्या दुकानात, लग्नाच्या पंगतीत, दवाखान्याच्या बाकावर. एका मयतीतसुद्धा सतरंजीवर रुमाल टाकून ते पाणी प्यायला गेले होते. सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून झाली. खिडकीतून रुमाल टाकला की जागा आपली, यापेक्षा पक्का कायदा त्यांना ठाऊक नाही.

यवतमाळात मी त्यांच्याकडे खोली घेऊन राहते. व्हरांड्यात त्यांच्या शेजारच्या खुर्चीवरही कायम एक रुमाल असतो. सुरुवातीला मी तिथं बसायला गेले, तर म्हणाले, "सीट धरली हाये." कुणासाठी, हे विचारायचा धीर झाला नाही. मी पायरीवर बसले.

आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मीच पहिली. पहिल्या वर्षी वर्गासमोर बोलायला उभी राहिले आणि तोंडून "मला वाटतं"ऐवजी गावाकडचं "मले वाटते" निघालं. वर्ग हसला. मी अर्ध्यातच खाली बसले आणि दुसऱ्या दिवसापासून गेलेच नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. घास उतरत नव्हता. आईला मात्र फोनवर सांगायचे, सगळं छान आहे.

काका दाराशी आले. "काहून वं, आज बी सुट्टी?"

"काका, मी कॉलेज सोडते. गावी जाते."

मला वाटलं, समजूत घालतील.

"जाय ना बाप्पा! कोनं धरलं तुले? पन जेवून घे. रिकाम्या पोटी गाडी लागते."

झुणका-भाकरीचं ताट ठेवून ते गेले. रोज ठेवायचे. उपदेश एकही नाही.

मग वर्गातल्या पल्लवीचा फोन. "अगं, तुझे काका रोज सकाळी तुझ्या बाकावर रुमाल टाकून जातात! सरांनी विचारलं तर म्हणाले, 'पॅसेंजर येऊन राह्यली. पानी प्याले उतरली.'"

मी इतकी चिडले की उठले, वेणी घातली आणि तो रुमाल आणायला कॉलेजात गेले. वर्ग गच्च भरलेला. दोघं-तिघं मागं उभे. माझी जागा मात्र रिकामी, तिच्यावर निळ्या चौकड्यांचा रुमाल.

"बस लवकर," पल्लवी म्हणाली, "भांडून भांडून राखलीय."

"आल्या का पॅसेंजर?" सरांनी विचारलं.

वर्ग पुन्हा हसला. या वेळी मलाही हसू आलं, याचंच मला नवल वाटलं.

अर्धं राहिलेलं भाषण मी त्याच आठवड्यात पूर्ण केलं, "मले वाटते"सकट. टाळ्या पडल्या. आणि या उन्हाळ्यात पदवी हातात आली, तीही पहिल्या वर्गात!

पेढे घेऊन मी व्हरांड्यात गेले आणि सवयीनं पायरीवर बसायला लागले. शेजारची खुर्ची काकूंची, त्या वारल्या तेव्हापासून धरलेली, हे एव्हाना मला कळलं होतं.

काकांनी पेढा हातात घेतला. मग खुर्चीवरचा रुमाल उचलला, झटकला, नीट घडी करून खिशात घातला.

"तिथं कायले बसतं? इकडं ये, पोरी. सीट खाली हाये."

मी बसले. काकांनी रस्त्याकडे पाहत खुर्चीच्या दांडीवर दोनदा टकटक केलं, एसटीत गाडी सोडताना डबल बेल द्यायचे तसं.