जेवायला या, लोकेशन पाठवलंय

फोनवर उत्तर द्यायला म्हणून रुपाली परबने गॅस बारीक केला आणि उत्तर संपेपर्यंत कढईतलं खोबरं करपलं. पलीकडे वडाळ्याच्या एक बाई होत्या. मसाला तिखट असतो का, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं. असतो, असं रुपालीने सांगितलं. मग कमी तिखट मिळेल का, असं त्यांनी विचारलं. मग म्हणाल्या, घरी विचारून सांगते. करपलेल्या खोबऱ्याचा धूर लालबागच्या त्या चौदाव्या मजल्यावर पसरला आणि शेजारच्यांनी बेल वाजवून, आज काय विशेष, अशी चौकशी केली.

परबांचा मालवणी मसाला मुळात रुपालीच्या सासूबाईंचा, म्हणजे जाईबाईंचा. गिरणी बंद पडल्यावर त्या चाळीतल्या बायकांना मसाला भाजून देत. रुपालीने त्याला पाकीट दिलं, लेबल दिलं, फोन नंबर दिला आणि धंदा कफ परेडपर्यंत पोहोचवला. धंदा वाढला, पण रुपाली एकच राहिली. भाजायचं तिनेच, दळून आणायचं तिनेच आणि दिवसभर फोनवर तीच ती उत्तरंही तिनेच द्यायची. परवा देवळात पुजाऱ्यांनी तीर्थ पुढे केलं तेव्हा ती हात पुढे करून म्हणाली होती, "आधी पत्ता पाठवा."

आणि नेमकी आताच मनमोहन कीर्तीकरांची गाठ पडली होती. दादर आणि गिरगावात त्यांची किराणा मालाची मोठी दुकानं. मसाला चाखून ते खूश झाले, पण ऑर्डर देताना थांबले. "वहिनी, मसाला एक नंबर आहे. पण एका बाईच्या जिवावर चालणारा धंदा मला नको. तुम्ही आजारी पडलात की माझं फडताळ रिकामं. पंधरा दिवसांनी, मंगळवारी येतो, तुमची सिस्टीम बघतो, मग ठरवू," म्हणाले. ती ऑर्डर मिळाली तर परळला एक छोटा गाळा घेता येणार होता, हाताखाली दोन बायका ठेवता येणार होत्या. रुपालीला मात्र त्या गाळ्यात एकच गोष्ट दिसत होती: रविवारची सुट्टी. घरात धूर नाही, हातात झारा नाही, कोणी आयतं ताट पुढे ठेवतंय. लग्न झाल्यापासून असा रविवार तिने पाहिलाच नव्हता.

म्हणून ती दादरच्या एका हॉलमध्ये 'धंदा वाढवा, स्वतः थकू नका' या शिबिराला जाऊन आली. येताना नुसती हवेतच होती. नवऱ्याला, वैभवला, चपला काढायच्या आधी तिने सगळं सांगून टाकलं. गिऱ्हाइकांना मेसेजवर आता मशीन उत्तर देणार, ऑर्डर मशीन घेणार, आठवणही मशीन करून देणार. वैभव बिचारा ऑफिसातून नुकताच आला होता. तो म्हणाला, चहाही मशीन करणार का?

त्या मशीनला, म्हणजे फोनमधल्या त्या मदतनिसाला, मालकाच्या बोलण्याचे नमुने लागत होते. रुपालीने आपले जुने मेसेज दिले. 'ओके.' 'पाठवते.' 'संपलंय.' यावरून काही शिकता येत नाही, असं मदतनिसाने नम्रपणे कळवलं. तेव्हा तिला जाईबाईंची आठवण झाली. जाईबाईंना टाइप करता येत नसे. गिऱ्हाइकांशी त्या फोनमध्ये बोलून निरोप पाठवत. एकेक निरोप भाजी शिजेल इतका लांब. रुपालीला ते ऐकायला कधी सवड झाली नव्हती, पण गिऱ्हाइकांचा जीव त्यांच्यावरच होता. तिने ते सगळे निरोप एकदमच मशीनच्या ओटीत घातले. शिवाय शिबिरात सांगितलं होतं तशी आणखी एक सूचना दिली: 'बघतो', 'सांगतो', 'नंतर' म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला मोकळं सोडू नये, त्याच्याकडून तारीख घ्यावी.

दुसऱ्या दिवशीच वडाळ्याच्या बाईंना उत्तर गेलं: 'काय गो बाय, बरी आसस मां? गुडघो कसो आसा? मसालो तिखट आसा, पण पोरांसाठी कमी घाल.' बाईंनी जागच्या जागी दोन किलोची ऑर्डर दिली. आठवड्याभरात ऑर्डरी दुप्पट झाल्या. रुपाली चक्क दुपारची झोपली आणि जाग आल्यावर उद्याचा दिवस उजाडला की काय, म्हणून घाबरून उठली. संध्याकाळी वैभव घरात शिरताच तिने बातमी दिली.

"वैभव, मी आज चहा बसून प्यायले. गरम."

शुक्रवारी लीला विजयकरांचा फोन आला. लीलाताई गिरगावातल्या, निवृत्त प्राध्यापिका, जुन्या गिऱ्हाईक. बोलणं अगदी नेटकं.

"रुपाली, रविवारी मी गोड शिंगड्या, आपल्या करंज्याच, करून आणते. चालतील ना? किती माणसं आहेत साधारण?"

"कुठे, लीलाताई?"

"तुमच्याकडे. जेवायला. तुझ्या सासूबाईंनी मला वेळ कळवली, लोकेशन पाठवलं, काल आठवणही करून दिली. फार अगत्य बाई त्यांना."

फोन ठेवून रुपालीने मदतनिसाची सगळी बोलणी उघडली आणि पहिल्यापासून वाचायला घेतली.

जाईबाईंची एक सवय होती. कोणाशीही बोलणं संपवताना त्या म्हणत, "रविवारी जेवक ये गो." समोरचा म्हणे, "येऊ की कधीतरी," आणि दोघंही समाधानाने आपापल्या कामाला लागत. गिरणगावात हे आमंत्रण कोणी नाकारत नाही आणि कोणी येतही नाही. माणसाला ते कळतं. मशीनला मात्र रुपालीनेच बजावलं होतं की कोणाला मोकळं सोडायचं नाही. 'कधीतरी येऊ' म्हणणाऱ्या प्रत्येकाला उत्तर गेलं होतं: 'कधीतरी म्हंजे कधी? ह्या रविवारी एक वाजता येशीत?' आणि कोणी 'कशाला उगाच त्रास' म्हटलं की मशीन आणखी आग्रह करत होतं, कारण जाईबाई तसाच करत. या रविवारी पस्तीस-चाळीस माणसं नक्की झाली होती.

रुपालीने घाईघाईने मशीनला हुकूम दिला: रविवारचं जेवण रद्द झाल्याचं सगळ्यांना कळव. मशीनने तत्परतेने कळवलं. पहिलाच मेसेज तिने वाचला: 'सून सांगता जेवाण रद्द. तिच्याकडे लक्ष देव नको. मी आसंय मां. तू ये.'

हे मशीनला कोणी शिकवलं, म्हणून तिने जाईबाईंचे जुने निरोप पहिल्यांदाच कानाला लावले. सून भाव सांगतली, तू माझ्याशी बोल. सून नाय म्हणतली, तू येवन घेवन जा. ती तशीच तणतणत स्वयंपाकघरात गेली. जाईबाई लसूण सोलत होत्या.

"आई, तुम्ही गिऱ्हाइकांना सांगता की माझ्याकडे लक्ष देऊ नका?"

"मगे खोटा काय आसा त्यात?" जाईबाई म्हणाल्या.

आता एकेकाला स्वतः फोन करून नाही म्हणायचं, एवढाच उपाय उरला. पहिला फोन तिने गणपत घाडींना लावला. ते शिवडीला एका गोदामात कामाला. तिने तोंड उघडायच्या आधीच ते बोलायला लागले. बायको गेल्यापासून त्यांना कोणी असं वेळ देऊन जेवायला बोलावलं नव्हतं. रविवारसाठी त्यांनी नवा शर्ट घेतला होता. "काका, जरा लवकरच या," एवढंच ती म्हणाली आणि दुसरा फोन तिने कोणालाच लावला नाही.

जाईबाईंना कळलं तेव्हा त्या घाबरतील असं वैभवला वाटलं होतं. त्यांनी पदर खोचला. "येवंदेत. इतक्या वर्सांत पयल्यांदा कोण खराच येता," म्हणाल्या आणि सगळ्यात मोठं पातेलं काढायला माळ्याकडे बोट दाखवलं.

रविवारी बारा वाजल्यापासून लिफ्ट चौदाव्या मजल्याखेरीज कुठे थांबेना. घर भरलं, मग बाहेरचा पॅसेज भरला, मग शेजाऱ्यांनी आपली दारं उघडून खुर्च्या दिल्या आणि स्वतःही त्या खुर्च्यांवर बसले. कफ परेडच्या मच्छीमार नगरातून सुंदराबाई आल्या त्या डोक्यावर टोपली घेऊनच. जेवायला जाताना हात हलवत कसं जायचं, असं म्हणत त्यांनी सुरमई आणि कोलंबी थेट मोरीत ओतली आणि विळी मागून घेतली. लीलाताई शिंगड्यांचा डबा घेऊन आल्या आणि कोणी न सांगता पानं मांडू लागल्या. वैभव भात वाढत होता. रुपाली तळणीपुढे उभी होती, केसांना पीठ, गालाला हळद, आणि मनात एकच विचार, की आजचा दिवस निघाला म्हणजे सोमवारी सगळं घासूनपुसून मंगळवारसाठी तयार करता येईल.

लिफ्टचं दार उघडलं आणि कडक इस्त्रीच्या शर्टातले मनमोहन कीर्तीकर बाहेर आले.

रुपालीच्या हातातला झारा तसाच राहिला. "तुम्ही मंगळवारी येणार होतात ना?"

"हो. पण सिस्टीम कशी आहे ते बघावं म्हणून मी साधं गिऱ्हाईक होऊन तुमच्या नंबरवर मेसेज केला. जेवायचं आमंत्रण आलं. मी म्हटलं, येईन कधीतरी. तर त्यांनी वेळ ठरवूनच मला सोडलं." ते जरा थांबले. "मग रद्द झाल्याचंही कळलं. पण तुमच्याकडे लक्ष देऊ नका, असंही कळलं."

परळचा गाळा रुपालीच्या डोळ्यांदेखत दिसेनासा झाला. एका बाईच्या जिवावर चालणारा धंदा नको म्हणणाऱ्या माणसाला आज दोन बायकांच्या जिवावर उठलेला धंदा दिसत होता. काही बोलावं तर मागे तेल तापलेलं. तेवढ्यात जाईबाईंनी कीर्तीकरांना हाताला धरून गणपतकाकांच्या शेजारी बसवलं आणि पानात सुरमईची तुकडी वाढली.

कीर्तीकर जेवले. सोलकढी पुन्हा मागून घेतली, मग पुन्हा मागून घेतली. हात धुऊन ते रुपालीपाशी आले आणि त्यांच्याशी मेसेजवर नक्की कोण बोलत होतं, ते विचारलं. रुपालीला लपवाछपवीचा कंटाळा आला होता. मशीन बोलत होतं, असं तिने सांगितलं. सासूबाईंचे निरोप, ती तारखेची सूचना, सगळंच सांगून टाकलं, आणि ऑर्डर नाही मिळाली तरी आपल्याला समजेल, हेही.

"वहिनी, मोठ्या कंपन्यांचं मशीन मला 'एक दाबा, दोन दाबा' म्हणतं," कीर्तीकर म्हणाले. "माझा गुडघा अजून कोणी विचारला नव्हता. दोन्ही दुकानांसाठी माल द्या. गाळ्याचं उद्या बोलू. फक्त त्या मशीनला सुधारायला जाऊ नका."

रुपालीला हसावं की रडावं ते कळेना, म्हणून तिने त्यांना आणखी चार शिंगड्या बांधून दिल्या.

पाहुणे गेले. ती सोफ्यावर पाय वर घेऊन बसली. अंग ठणकत होतं आणि तरी आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. सुधारायचं नाही हे ठीक, पण निदान ते आमंत्रण तरी बंद करावं, म्हणून तिने फोन हातात घेतला. आभाराच्या मेसेजांचा पाऊस पडला होता. जेवून गेलेल्या प्रत्येकाने रीतीप्रमाणे शेवटी लिहिलं होतं, 'आता तुम्ही एकदा आमच्याकडे या.' आणि मशीनने प्रत्येकाकडून तारीख घेतली होती. पुढचा रविवार लीलाताईंकडे, त्यापुढचा सुंदराबाईंकडे, मग कीर्तीकरांकडे. गणपतकाकांनी लिहिलं होतं की आपल्याला फक्त पिठलं येतं. त्यावर उत्तर गेलं होतं: 'चलात. सुनेक घेवन येतंय. ती लय दमता. तिका आयता जेवक मिळांदे.'

रुपालीने ते दोनदा वाचलं. बंद करायच्या बटणावरचं बोट तिने उचललं.

"केलंस का बंद?" वैभवने विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "दिवाळीपर्यंत रविवारी आपल्याकडे चूल पेटणार नाहीये."

जाईबाईंना हे सांगितलं तेव्हा मात्र त्यांचा चेहरा उतरला. आयुष्यभर त्यांनी लोकांना बोलावलं होतं, स्वतः कोणाकडे कधी गेल्या नव्हत्या. दुसऱ्याच्या घरचं जेवण त्यांना मानवायचं नाही. लोक कसला मसाला वापरतात, देव जाणे. बरोबर आपलं एक पाकीट घ्यावं लागेल, असं त्या म्हणू लागल्या.

"आई, या सगळ्या घरांत आपलाच मसाला आहे," रुपाली म्हणाली.

जाईबाईंनी बोटांवर एकेक घर मोजून पाहिलं.

"मगे जावया," त्या म्हणाल्या आणि कपाटातून इस्त्रीची साडी काढायला उठल्या.