बटणावरची काळी टेप

चंद्रपूरच्या सायबर सुरक्षेच्या प्रशिक्षणातून मिथुन सोमवारी घरी आला तो एक फाइल, एक पेन आणि भरपूर भीती घेऊन. शिकवणाऱ्या साहेबांनी बजावलं होतं, लॅपटॉपचं वायरलेस वापरत नसाल तर बंद ठेवा, चोराला तेवढाच एक रस्ता कमी. मिथुनच्या घरी इंटरनेट यायचं चिंचेच्या झाडावरून, वायरनं. म्हणजे वायरलेस बिनकामाचंच! त्यानं लॅपटॉपच्या कडेचं बारीक बटण सरकवून ते बंद केलं. (कचेरीत कारकून असल्यामुळे नुसतं बंद करून त्याचं समाधान होत नसे.) मग बटणावर काळी टेप चिकटवली, नखानं घासून सपाट केली, आणि जिवाचा घोर मिटला म्हणून विसरूनही गेला.

गुरुवारी त्याच्या बायकोच्या, पुनमच्या, वनरक्षक भरतीच्या फॉर्मची मुदत होती, संध्याकाळी पाचपर्यंत. वयात बसायची तिची ही शेवटची वेळ. दोन वर्षं ती रोज सकाळी चिमूरच्या रस्त्यानं धावत होती, आणि वाघाचा भाग म्हणून मिथुन मोटारसायकलवर बसून मागून हॉर्न वाजवत जात होता. (कष्ट दोघांनी मिळून घेतले, असं तो पाहुण्यांना सांगे.) अडलेला दाखला बुधवारी हाती आला. फोटो, सही, दाखले, सगळं लॅपटॉपात तयार होतं.

मिथुन कचेरीतून लवकर येऊन फॉर्म उघडतो न उघडतो, तोच चार वाजून दहा मिनिटांनी चिंचेवर वानरांचं भांडण जुंपलं आणि वायर तुटून अंगणात पडली.

"आता कसं जी?" पुनमचा आवाज कापरा झाला.

"मी आहो न! मोबाइलचं नेट लॅपटॉपले देतो."

मोबाइलनं दिलं, पण लॅपटॉप घेईना. दोघं स्लॅबवर चढले. मिथुननं मोबाइल बांबूला बांधून उंच धरला.

"टॉवर कमजोर आहे," तो म्हणाला.

"मोबाइलमंधी तं फुल दिसून राह्यलं!"

"मोबाइलचं वेगळं असते."

शेजारची कलाबाई अंगणातून ओरडली, "कोणता झेंडा लावून राह्यले वो मिथुनभाऊ?"

साडेचार झाले. लॅपटॉप तीनदा बंद करून चालू केला. पावणेपाच झाले.

"तुमची ट्रेनिंगची फाइल आणा," पुनम एकदम म्हणाली. तो धावत घेऊन आला. तिनं मोठ्यानं वाचलं, "वायरलेसचे बटण बंद करणे." खाली लाल शाईनं मिथुननंच लिहिलं होतं, 'केले.'

पुनमनं पान उलटून पाहिलं.

"चालू कसं करायचं ते कुठी लिहिलं?"

"तवा मी जेवणाच्या लाइनीत होतो," तो पुटपुटला. "बटण इथी आहे... टेपीखाली."

टेप निघेना. इतकी सपाट घासलेली, की नखच लागेना! मिथुननं दात लावून पाहिले. चार बावन्न. पुनमनं त्याला बाजूला सारलं, ओढणीची पिन काढली आणि टेपीची कड उचलली. बटण सरकलं, निळा दिवा लागला. फोटो चढला. सही चढली. दाखला निम्म्यावर अडकला तेव्हा मिथुननं डोळे मिटून गावातल्या सगळ्या देवांना एकदमच हाक मारली.

चार सत्तावन्नला अर्ज क्रमांक आला. पुनम मटकन खाली बसून रडली. मिथुनलाही रडू आलं, लाज तर त्याहून जास्त वाटली. तो कान पकडून उभा राहिला. ती हसली, म्हणून प्रकरण मिटलं असं त्याला वाटलं.

दुसऱ्या सकाळी तो गाडीकडे गेला, तर चावी नाही. मोटारसायकलच्या स्टार्टच्या बटणावर कालचीच काळी टेप.

"पुनम, हे काय वो?"

"वापरात नसन ते बंद ठिवायचं न? गाडी आजपासून वापरात नाई. चाला, धावा."

अर्ध्या किलोमीटरवर त्याची जीभ बाहेर आली. "थांब वो!" तो मागून ओरडला. "वाघ आला तं?"

पुनमनं वळूनही पाहिलं नाही. "येऊ द्या! आता मले काही भेव नाई. तो मागच्याले पह्यले धरते."