नापास झालेली झुडपं

"तुमची फांदी जळून झाली असेल तर सांगा, मला दूध तापवायचंय," सरांची बायको स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली.

सर उत्तर देण्याच्या मनःस्थितीत नव्हते. एका हातात चिमटा, चिमट्यात हिरवी डहाळी आणि दुसऱ्या हातात घड्याळ धरून ते गॅसच्या ज्योतीकडे एकटक बघत होते. डहाळी आधी चुरचुरली, मग तिच्यातून पाणी सुटलं आणि शेवटी कंटाळल्यासारखी ती काळी पडली. पेट काही घेतला नाही.

"पास!" सर ओरडले.

"दूध?"

"कण्हेर! कण्हेर पास!"

"विषारी पाला माझ्या गॅसवर जाळताय? उचला तो संसार आणि मागच्या अंगणात न्या. आत्ताच्या आत्ता."

सर जन्मभर शाळेत रसायनशास्त्र शिकवत आले होते आणि निवृत्त झाल्यावर झाडांच्या नादी लागले होते. त्यांची गल्ली गावाच्या अगदी टोकाला होती. घरांच्या मागे एक लांबलचक भिंत आणि भिंतीपलीकडे गवताळ टेकडी. 'परदेशी झाडं उपटा, इथल्या मातीतली लावा' असं दारोदार सांगून सरांनी सगळ्यांना त्या भिंतीच्या कडेने देशी झाडं लावायला लावली होती. गेल्या उन्हाळ्यात टेकडीवरचं गवत पेटलं आणि आग भिंतीच्या तोंडाशी येऊन विझली. नुकसान म्हणाल तर दोरीवरच्या कपड्यांना धुराचा वास लागला, एवढंच. पण नंतर अग्निशमन दलाचे साहेब गल्लीत भाषण द्यायला आले आणि सरांची झोप उडवून गेले.

"झाड इथलं आहे म्हणून ते जळत नाही असं नाही," साहेब म्हणाले होते. "आगीला माहेर-सासर कळत नाही. ज्याच्या अंगात तेल आहे, ज्याच्या पोटात वाळक्या काड्या साठल्या आहेत, ते भडकणार. ज्याची पानं रसाळ, ते टिकणार. देशीच लावा, पण निवडून लावा. आणि घराला चिकटून दाटी करू नका."

सगळ्या गल्लीने माना वळवून सरांकडे पाहिलं होतं. शेजारचे वकील तर खाकरलेसुद्धा. तेव्हापासून सरांनी परीक्षा घ्यायचं मनावर घेतलं होतं.

परीक्षा अंगणात भरू लागली तशी प्रेक्षकांची सोय झाली. स्पिरिटचा दिवा, शेजारी पाण्याची बादली आणि स्टुलावर सर. पहिल्या आल्या वकिलांच्या पलीकडच्या, कोपऱ्यावरच्या वहिनी. त्यांच्या दारापासून मागच्या भिंतीपर्यंत उंच तुरेदार गवत होतं आणि येणारा-जाणारा त्यासमोर उभा राहून फोटो काढी. सरांनी त्याची एक काडी ज्योतीजवळ नेली. जवळच नेली, लावली नव्हती. काडी फुर्रकन गेली.

"नापास," सर म्हणाले.

"परत घ्या की. घाबरलं असेल."

"वहिनी, गवत घाबरत नाही."

"आमची पोरगी नापास झाली होती तेव्हासुद्धा मास्तरांनी फेरपरीक्षा दिली होती हो!" वहिनी पदर खोचून निघून गेल्या. पण गेल्या तशाच परत आल्या. आता त्यांच्या हातात गडद हिरवी, बारीक पानांची डहाळी होती. "हीपण बघा बरं जरा."

डहाळी ज्योतीत गेली मात्र, विमा उतरवलेल्या दिवाळखोराच्या दुकानासारखी एका क्षणात भडकली. सरांच्या भुवयांचे केस करपले. वर्गात चाळीस पोरांच्या डोक्यावरून जाणाऱ्या आवाजात ते ओरडले, "कुणाचं आहे हे? रॉकेल पाजून वाढवलंय की काय?"

"माझं आहे," कुंपणापलीकडून आवाज आला.

वकील आपल्या सुरूच्या कुंपणाआड उभे होते. घराच्या पुढून मागच्या भिंतीपर्यंत गेलेलं ते कुंपण त्यांनी पोटच्या पोरासारखं वाढवलं होतं. दर रविवारी ते स्वतः कात्री घेऊन त्याची हजामत करत.

"मला काय कल्पना, तुमची..." सर उठले.

"नमुना परवानगीशिवाय घेतलेला आहे," वकील थंडपणे म्हणाले. "चोरीचा पुरावा. मी हा निकाल मानत नाही."

"पण पेटलं ना ते? तुमच्या डोळ्यांदेखत?"

"तुम्ही पेटवलंत म्हणून पेटलं. मलाही चिमट्यात धरून ज्योतीवर ठेवा, मीही पेटेन."

"तुम्ही आत्ताच पेटलाय," वहिनी पुटपुटल्या. नको तेवढ्या मोठ्याने.

त्या संध्याकाळी वकील रोजच्या बुद्धिबळाला आले नाहीत. सरांनी पट मांडला, बराच वेळ पांढऱ्या घोड्याशी चाळा केला आणि पट मिटून ठेवला. "मी एकदा जाऊन बोलू का?" बायकोने विचारलं. "काही गरज नाही," सर म्हणाले, "शास्त्र कुणाच्या पाया पडत नाही."

वकिलांनी मात्र कायद्याचं पुस्तक उघडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींच्या गवताचे जे तुरे त्यांच्या हद्दीत झुकले होते ते त्यांनी मोजूनमापून छाटले. वहिनींनी मग वकिलांच्या सुरूची जी बाजू रस्त्याकडे होती ती छाटली, कारण रस्ता सगळ्यांचा. सरांनी दोघांना समजवायला जाऊन दोघांच्याही झाडांखालच्या वाळक्या पाल्यावर बोट ठेवलं. झालं. आपल्या अंगणात शेजाऱ्याला वाळकं पान दिसू नये म्हणून वहिनी दिवसातून दोनदा झाडू लागल्या, आणि वहिनी झाडताहेत म्हटल्यावर वकीलही झाडू लागले. हळूहळू ही साथ पार गल्लीच्या टोकापर्यंत पोचली. कोण कुणाच्या मोगऱ्यात वाळकी काडी शोधी, कोण कुणाच्या भिंतीला टेकलेल्या फांदीवर आक्षेप घेई. दोन घरांमध्ये जिथे म्हणून हिरवं एकमेकांत मिसळलं होतं, तिथे आता उघड्या मातीचे पट्टे दिसू लागले. लोक एकमेकांशी बोलेनासे झाले, पण गल्ली आरशासारखी लख्ख झाली.

आणि मग एका सकाळी वकिलांनी कुंपणावरून हवेत प्रश्न सोडला. "सगळ्या गल्लीची झाडं तपासली म्हणे. परीक्षकांच्या स्वतःच्या झुडपाचा निकाल अजून कानावर आला नाही."

सरांचा चेहरा उतरला. मागच्या भिंतीला लागून एक करड्या पानांचं झुडूप होतं. त्याचं बी सरांनी टेकडीवरून वेचून आणलं होतं, तीन वेळा उगवलं नाही म्हणून चौथ्यांदा पेरलं होतं, थंडीत त्याला आपली जुनी शाल पांघरली होती. संध्याकाळी वारा सुटला की अख्ख्या घरात त्याचा वास दरवळे. अस्सल देशी. सरांच्या सगळ्या प्रचाराचा तो मूळ पुरुष. त्याची परीक्षा घ्यायचं त्यांना कधी सुचलं नव्हतं, असं ते म्हणत.

थोड्या वेळाने बायको कपडे वाळत घालायला मागे आली तेव्हा सर पाठमोरे बसले होते. हातात त्या झुडपाची डहाळी होती आणि ती ते शांतपणे बादलीत बुचकळत होते. एकदा. पुन्हा एकदा. मग दिव्याकडे.

"कॉपी करताय?" बायको म्हणाली.

सर दचकले. "धूळ होती गं. धुऊन घेतली."

"आणा इकडे." तिने दुसरी डहाळी तोडली, चिमट्यात धरली आणि ज्योतीवर नेली. निळसर ज्वाळा उठली आणि अंगणभर तो ओळखीचा, गोड वास पसरला.

"इतका वास येतो," सर अखेर म्हणाले, "म्हणजे तेल असणारच. पहिल्या दिवसापासून माहीत होतं मला."

"दुसरीकडे लावता येईल ना? घरापासून लांब?"

"मुळं खोल गेलीत. जगणार नाही."

तरी सरांनी कुदळ घेतली. वकील कुंपणाआडून बघताहेत हे माहीत असून ते खणत राहिले. झुडूप निघालं तेव्हा त्यांनी ते उचलून नेलं नाही, नुसते त्याच्याजवळ घाम पुसत बसले. त्यांची बायको पाणी घेऊन आली, आणि बराच वेळ तीही तिथेच बसली.

वकिलांच्या घरात त्या दुपारी कुणी झोपलं नाही. "माझ्यावर उपकार दाखवतो काय!" ते बायकोला म्हणाले. "तत्त्व एकट्या मास्तरांनाच असतं?" आणि संध्याकाळच्या आत त्यांनी भिंतीजवळचं अख्खं सुरूचं कुंपण स्वतःच्या हाताने तोडलं. वकिलांचं कुंपण आडवं झालं तर आपलं गवत कसं उभं राहणार, म्हणून वहिनींनी गवत उपटलं आणि रिकाम्या जागी, थोड्या अंतरा-अंतराने, कोरफड लावली. तीही तोंड फिरवून.

टेकडी पेटली ती एका भर दुपारी. वारा गल्लीच्या दिशेने होता. प्रत्येक जण आपापली बादली घेऊन आपापल्या अंगणात उभा राहिला, कुणी कुणाला हाक मारली नाही. आग धावत भिंतीपर्यंत आली, ठिणग्या भिंतीवरून अलीकडे पडल्या आणि त्यांना पेटवायला काहीच मिळेना. उघडी माती, झाडलेली जमीन आणि जाडजूड कोरफडी. काही ठिणग्या कोरफडीवर चरचरल्या आणि मेल्या. एक ठिणगी मात्र वकिलांच्या खांद्यापाशी तरंगताना सरांना दिसली. मागचापुढचा विचार न करता त्यांनी अख्खी बादली तोडलेल्या कुंपणापलीकडे रिकामी केली.

वकील नखशिखान्त भिजले. चष्मा काढून ते म्हणाले, "परवानगी घेतली होती?"

"नाही," सर म्हणाले. "करा खटला."

"बघू," वकील म्हणाले. कित्येक दिवसांत दोघांचं झालेलं हे पहिलंच संभाषण.

बंब आला तोवर टेकडीवर नुसता धूर उरला होता. अग्निशमनचे साहेब भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले. मोकळे पट्टे पाहिले, झाडलेली अंगणं पाहिली, रसाळ झाडं पाहिली आणि त्यांचे डोळे पाणावले. त्यातलं काही धुरामुळे असेल.

"माझ्या उभ्या नोकरीत मी इतका एकोपा पाहिला नाही," ते म्हणाले. "इतर वसाहतींत दोन माणसं एका झाडावर एकमत होत नाहीत, आणि इथे सगळी गल्ली एका मनाने! कसं जमवलंत हो?"

वहिनी कोरफडीकडे बघू लागल्या. सर रिकामी बादली उलटसुलट करून बघू लागले.

"फार काही नाही, साहेब," वकील ओला सदरा पिळत म्हणाले. "प्रत्येकाने शेजाऱ्याकडे बारीक लक्ष ठेवलं."

साहेबांनी टोपी काढली. "यालाच," ते गहिवरून म्हणाले, "शेजारधर्म म्हणतात."