सायलेन्सरपाशी धरलेला फोन

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी सूर्य, गुलाब आणि वाफाळता चहा टाकून 'शुभ सकाळ' म्हटलं, की पाठोपाठ भालेरावकाकांचं उत्तर येतं, "उजाडलेलं खिडकीतूनही दिसलं." कुणाचा वाढदिवस असला तर "नोंद घेतली." तळमजल्यावरचे जोशी घर बदलून गेले, तेव्हा ग्रुपवर रडक्या चेहऱ्यांचा पूर आला होता. काकांनी लिहिलं, "अश्रू जपून वापरा. पाणीकपात आहे." जोशींचं सामान टेम्पोत चढवायला मात्र सगळ्यांच्या आधी तेच हजर!

काका खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तपासनीस होते. काकू गेल्यापासून घरात एकटेच. मुलगा निखिल आयटीत. कंपनीनं त्याला डब्लिनला पाठवलं आणि तो तिकडचाच झाला. त्याची कॉलेजातली मोटरसायकल तेवढी आमच्या पार्किंगमध्ये राहिली.

दर रविवारी सकाळी काका ती पुसायचे, किक मारून सुरू करायचे, फोन सायलेन्सरपाशी धरून आवाज रेकॉर्ड करायचे आणि निखिलला पाठवायचे. सोबत एक अक्षर नाही. तिकडून उत्तर यायचं, "इंजिनची चेन ढिली वाटते." काका चेन आवळून घ्यायचे. पुढच्या रविवारी परत आवाज, परत उत्तर, "आता बरोबर." झालं, संपलं बापलेकांचं बोलणं!

"काका, त्यात दोन शब्द बोला की," मी एकदा म्हटलं.

"काय बोलू? 'सोन्या, जेवलास का?' अहो, इंजिनिअर आहे तो. त्याला इंजिनच कळतं."

दिवाळीनंतर निखिलनं तिकडे घर घेतलं आणि लिहिलं, "बाबा, गाडी आता विकून टाका." काकांनी मला जाहिरात टाकायला सांगितली. आवाज नेहमीसारखाच कोरडा, पण चेहरा पार उतरलेला. गाडी गेली की मुलगा परत येण्याची आशाही गेली, हे ते बोलले नाहीत. मला त्यांच्याकडे बघवेना.

येरवड्याहून एक तरुण गाडी बघायला आला.

"कशी आहे काका गाडी?"

"दिसायला बरी आहे. ब्रेक लागेलच असं नाही. लग्न झालंय तुमचं?"

"नाही अजून."

"मग घ्या. मागे रडणारं कुणी नको."

गिऱ्हाईक हेल्मेट उचलून चालतं झालं. वास्तविक त्या ब्रेकांवर काकांनी स्वतःच्या गुडघ्यांपेक्षा जास्त मेहनत घेतली होती.

त्यानंतर काका रविवारी पार्किंगमध्ये फिरकेनासे झाले. विकायला काढलेल्या गाडीचा आवाज कशाला पाठवायचा, असं त्यांचं म्हणणं. मग एका रविवारी निखिलचा मेसेज आला, "बाबा, हल्ली आवाज का नाही येत?"

मी स्कूटर काढत होतो. काका जिना उतरून जवळजवळ धावतच आले. घाईत त्यांनी आधीच फोनवरचं रेकॉर्डिंगचं बटण दाबून धरलं आणि किक मारली. गाडी थंड पडलेली. पुन्हा किक. पुन्हा. "अगं, हो की सुरू," असं धापा टाकत तिला विनवत राहिले. गाडी ढिम्म. शेवटी घामाघूम होऊन ते कट्ट्यावर बसले, अंगठा सुटला आणि रेकॉर्डिंग निखिलला गेलं.

"अहो, गेलं की ते! खोडा, खोडा लवकर!"

मी फोन हातात घेईपर्यंत निखिलनं ते ऐकलंही होतं. उत्तर आलं, "गाडी राहू दे. बाबा, तुम्हाला दम लागतोय. कधीपासून?"

काका ती ओळ वाचत राहिले. डोळे भरून आले होते आणि पुसायला हाताशी फक्त तेलकट फडकं होतं. मग एकेक अक्षर शोधत त्यांनी लिहिलं, "बरेच दिवस झाले. एकदा येऊन जा."

बोट बाणावर नेलं. मागे घेतलं. पुन्हा नेलं.

"हे तुम्ही दाबा," फोन माझ्या हातात देत ते म्हणाले आणि पाठ फिरवून उभे राहिले.

मी दाबलं.